फुले आली, पण तवसे कुठे?

मुलांनो,

पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे? आमच्या पिंगुळीत सध्या त्याचा मुक्काम हलायला तयार नाही. शाळेच्या कौलांवरून पागोळ्या धो धो गळताहेत, मैदानात तळे साचले आहे, आणि हजेरी घेताना मागच्या रांगेतला 'हजर' मला मुळीच ऐकू येत नाही!

परसात मात्र मजा आहे. मृगाच्या पावसात टोकलेल्या बियांचे आता वेल झाले आहेत. चिव्याच्या काठ्यांच्या मांडवावर पडवळ, दोडका, कारले, तवसे अशी सगळी मंडळी एकमेकांचा हात धरून चढली आहेत. तुमच्याकडेही असेच असेल. आणि आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना एक प्रश्न पडायला लागला असेल : "वेल वाढला, फुलंही आली, मग फळ का धरत नाही?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायच्या आधी मी तुम्हाला माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. हो, बाईंच्या चुकीची! ऐका तर.

गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने घरामागे तवशाचा वेल लावला. (तिचे नाव छापायचे नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे.) तवसे म्हणजे आपली पावसाळी काकडी, पण चांगली हातभर वाढणारी. पिकली की पिवळी-तपकिरी होते. तिची तवसोळी करतात. आणि आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या वर जी माटवी बांधतात, तिला तवसे हवेच. माटवी म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, रानातली कवंडळे आणि परसातली भाजी बांधायची. त्या दिवसांत निसर्ग जे जे देतो, ते सगळे आधी बाप्पासमोर मांडायचे, अशी ही पद्धत.

या मुलीने ठरवले होते, की यंदा माटवीला बाजारातले तवसे नाही, आपल्या वेलाचे बांधायचे. घरी तसे सांगूनही टाकले होते! त्यामुळे जुलै सरत आला तरी वेलावर एकही तवसे दिसेना, तेव्हा तिचा चेहरा उतरला. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

"बाई, येलाक फुलां खूप येतत, पण तवसा येक पण धरणा नाय. आता माटवेक काय बांधूचा?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हटले, "खत कमी पडत असेल गो. कुजलेलं शेणखत घाल दोन ओंजळी."

तिने बिचारीने दोनाच्या जागी चार ओंजळी घातल्या. आठवड्याने पुन्हा आली. पाने सुपाएवढी झाली होती, वेल मांडव सोडून गोठ्याच्या छपरावर गेला होता, पण तवसे? नाव नको!

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आजी ओसरीवर बसल्या होत्या. मी वेलाकडे बोट दाखवून काही विचारणार, एवढ्यात आजींनी मला थांबवले.

"बाईनू, बोट दाखवू नकात! असा कोणीतरी बोट दाखयल्यानच असतला, म्हणान धरणा नाय."

तुमच्याही घरी हे ऐकले असेल. कोवळ्या काकडीला, भोपळ्याला सरळ बोट दाखवू नये, दाखवायचेच तर दुमडून दाखवावे, नाहीतर ते कुजते, असे आपल्याकडची मोठी माणसे सांगतात. मला हसू आले. पण घरी परतताना वाटले, आपण तरी काय वेगळे केले? आजींनी वेल न बघता बोटाला दोष दिला, मी वेल न बघता खताला दोष दिला. फरक एवढाच, की माझे उत्तर ऐकायला जरा शास्त्रीय वाटत होते!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितले, "आता वेलाला काहीही घालायचं नाही. फक्त रोज सकाळी पाच मिनिटं बघायचं. किती फुलं उमलली ते मोज, आणि प्रत्येक फुलाची मागची बाजू बघ. काय दिसतं ते वहीत लिही."

चौथ्या दिवशी ती वही घेऊन धावतच आली. तिने चित्र काढले होते. एका फुलामागे नुसता बारीक देठ. आणि दुसऱ्या फुलामागे, देठ आणि पाकळ्या यांच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढे, काटेरी लव असलेले इवलेसे तवसे!

"बाई, फुलां दोन तऱ्हेची असत!"

मुलांनो, त्या क्षणी मला माझा डी.एड.चा तक्ता आठवला. 'फुलाचे भाग' असा सुरेख रंगीत तक्ता मी केला होता. त्यावर जास्वंदीचे फूल होते. मधोमध लांब नळी, तिच्यावर पिवळे परागकण, टोकाला पाच लाल ठिपके. म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही एकाच फुलात. आपल्या पुस्तकांत बहुतेक वेळा जास्वंदच असते, कारण ती मोठी असते, तिचे भाग हाताने सुटे करून दाखवता येतात. पण त्यामुळे झाले काय, की माझ्या डोक्यात सगळी फुले जास्वंदीसारखीच बसली. 'परागीभवन' हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल! आणि परसातल्या वेलावर ते कसे होते, हे मात्र मी कधी वाकून बघितले नव्हते.

तवसे, भोपळा, दुधी, पडवळ, दोडका, कारले ही सगळी एकाच कुळातली भावंडे. या कुळात बहुतेक वेलांवर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात, पण येतात एकाच वेलावर. नर फुलात परागकण असतात. मादी फुलामागे ते इवलेसे फळ असते. नर फुलातले पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर पोचले, तरच ते फळ वाढते. नाही पोचले, तर ते दोन-चार दिवसांत पिवळे पडते, सुकते आणि गळते.

आणि गंमत म्हणजे, वेलाला आधी बहुतेक नर फुलेच येतात. मादी फुले मागाहून, थोड्या दिवसांनी डोकावू लागतात. म्हणजे पहिल्या फुलांना फळ धरले नाही, तर त्यात वेलाचा काही दोष नाही. नुसता धीर धरायचा. त्याच वेळी कोणी खूप खत घातले, तर वेल पाने वाढवण्यातच गुंग होतो आणि मादी फुलांना आणखी उशीर होतो. आता समजले ना, बाईंनी काय घोटाळा करून ठेवला होता?

पण गोष्ट इथे संपत नाही. मादी फुले आली खरी, पण तीही एकेक करून पिवळी पडू लागली. वहीत नोंद होती : 'पाच मादी फुलं, पाची गळली.' गणपती महिन्यावर आले होते. तवसे माटवीला शोभेल एवढे मोठे व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणजे आता धरले तर धरले!

रविवारी सकाळी आम्ही दोघी छत्र्या घेऊन मांडवाखाली बसलो. नुसते बसलो. अर्धा तास झाला. पाऊस भुरभुरत होता, मध्येच जोराची सर येत होती. तवशाची पिवळी फुले उघडून वाट बघत होती. पण एकही मधमाशी फिरकली नाही. कशी फिरकणार? एवढ्या पावसात ती पोळ्याबाहेर पडत नाही. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. फुलांची वेळ आणि झडीची वेळ एकच आली, की घोटाळा होतो.

आमचे पिंगुळी कळसूत्री बाहुल्यांसाठी आणि चित्रकथीसाठी प्रसिद्ध आहे. इथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचले असेल. आमच्या मुलांनी हे खेळ पाहिलेले असतात. बाहुली पुढे नाचते, पण दोरी हलवणारा हात वर असतो, आपल्याला दिसत नाही. मी त्या मुलीला म्हटले, "बघ, बागेतला दोरीवाला आज आलेला नाही. मग खेळ कसा होणार?"

ती पटकन म्हणाली, "मग आपण दोरी ओढूया की!"

आणि आम्ही ओढली! कशी, ते नीट वाचा. तुम्हालाही करता येईल.

हाताने परागीभवन

१. सकाळी सात-आठच्या सुमारास, पाऊस जरा थांबला, की मांडवाखाली जा. त्याच दिवशी उमललेले नर फूल तोडा. कालचे, मिटलेले चालत नाही.

२. त्याच्या पाकळ्या अलगद काढून टाका. मधला पिवळा भाग उघडा राहील. त्यावर बोट टेकवून बघा. पिवळी पूड लागली, तर पराग तयार आहेत.

३. हा भाग त्याच दिवशी उमललेल्या मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने टेकवा, दोन-तीनदा. घासू नका हं! एका नर फुलात दोन मादी फुलांचे काम होते.

४. पावसाने पराग धुऊन जाऊ नयेत, म्हणून फुलावर दिवसभर आडोसा करा. आमच्या त्या मुलीने फणसाच्या पानाला काडी टोचून फुलासाठी चिमुकले इरले केले होते! शेतात लावणी करताना पाठीवर घेतात ना, तसे.

५. कोणत्या दिवशी कोणत्या फुलाला हात लावला, ते दोरा बांधून ओळखू येईल असे करा आणि वहीत लिहा.

तिने सहा फुलांवर हा प्रयोग केला. चार दिवसांनी बघतो तर दोन पिवळी पडली होती, पण चार फुलांमागची तवशी फुगून खाली झुकली होती. वर्गात येऊन तिने हे असे सांगितले, जणू तिच्या घरी बाळ झाले होते!

पुढे त्यातल्या एकाला फळमाशीने टोचले. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. टोचल्या जागी चिकट थेंब दिसतो, फळ तिथे वाकडे होते आणि आतून किडते. असे फळ वेलाखाली टाकून ठेवू नका. काढून खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर त्यातल्या अळ्यांच्या पुन्हा माश्या होतात. उरलेल्या तिघांना आम्ही जुन्या कापडाच्या सैल पिशव्या घातल्या. एक वाऱ्यात तुटून पडले, त्याची कोशिंबीर झाली. राहिली दोन.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यातले मोठे तवसे माटवीला चढले. मी दर्शनाला गेले, तेव्हा ती मुलगी सगळ्यांना तेच दाखवत होती, आणि हो, बोट दुमडून! मी आजींकडे बघितले. आजी म्हणाल्या, "आता काय भीती नाय, पण सवय बरी." मग मीही बोट दुमडूनच दाखवले.

दुसरे तवसे कुठे गेले, ते शेवटी सांगते. आधी तुमच्या बागेकडे वळू.

कोणते फूल किती वाजता?

हाताने परागीभवन करायचे, तर फूल कधी उमलते हे माहीत हवे. प्रत्येक वेलाचे घड्याळ वेगळे असते. लाल भोपळा अगदी पहाटे उमलतो आणि दुपारच्या आत मिटूनही जातो. तवसे आणि कारले सकाळचे. दोडका मात्र संध्याकाळी पिवळा होऊन येतो, पण त्याचेच भावंड असलेले घोसाळे सकाळी उमलते. दुधीची पांढरी फुले दिवस मावळताना उघडतात. आणि पडवळ? त्याच्या पांढऱ्या पाकळ्यांच्या कडांना लेससारख्या झिरमिळ्या असतात, त्या काळोख पडल्यावर पसरतात. रात्री उमलणाऱ्या फुलांकडे मधमाश्या कशा येणार? तिथे पतंग येतात. पांढरा रंग अंधारात उठून दिसतो ना! एका रात्री आईबाबांबरोबर बॅटरी घेऊन पडवळाच्या मांडवाखाली जाऊन बघा. पायाखाली मात्र आधी बघायचे बरं का, पावसाळ्याचे दिवस आहेत.

फागले, म्हणजे कर्टोली, तुम्हाला आवडतात का? त्यांची आणखीनच तऱ्हा. त्यांचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा! एकटाच वेल लावला, तर फळ मिळणे कठीण. म्हणून आठ-दहा मादी वेलांमागे एक तरी नर वेल ठेवावा लागतो.

उलट भेंडी, मिरची, वांगी यांच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. भेंडीचे फूल तर जास्वंदीसारखेच दिसते, कारण दोघी एकाच कुळातल्या. मुंबई-पुण्याच्या मुलांनो, तुमच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत मधमाश्या फारशा येत नसतील, तर भेंडी आणि मिरचीपासून सुरुवात करा. मिरचीला फुले आली, की सकाळी झाड हलकेच हलवायचे, एवढे पुरते.

पाहुण्यांना बोलवा

हाताने किती फुलांना पुरे पडणार आपण? खरे काम मधमाश्यांचेच. म्हणून भाजीच्या बागेत फुलझाडे हवीतच. मांडवाच्या कडेने झेंडू लावा. तुळशीला मंजिऱ्या येऊ द्या, एखाद्या दुपारी तुळशीपाशी उभे राहून बघा, केवढी गर्दी असते! फुले असतील, तर मधमाश्यांना आपल्या परसाची वाट कळते. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ मांघर नावाचे गाव आहे. २०२२ साली ते देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथली मंडळी मधमाश्या पाळतात. आपण पाळल्या नाहीत तरी चालेल, निदान मारायच्या नाहीत.

मारतो म्हणजे काय करतो? वेलाची पाने तांबडे भुंगेरे खातात. मग कोणीतरी बाजारातून जालीम औषध आणतो आणि सकाळी फुले उघडी असताना फवारतो. भुंगेरे मरतात, आणि त्यांच्याबरोबर फुलावर आलेल्या मधमाश्याही. चार वेलांच्या परसाला असल्या औषधाची गरजच नाही. पहाटे गारव्याने भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. सुट्टीच्या दिवशी भावंडांत स्पर्धा लावा!

आणखी एक सूचना. पावसाळ्यात वेलाच्या बुंध्याशी खोल आळे नको. आळे उन्हाळ्यात, पाणी धरून ठेवायला. आता मातीचा उंचवटा करायचा आणि पाणी वाहून जायला चर काढायची. नाहीतर मुळे कुजतात आणि भरल्या पावसात वेल सुकतो. कुंडी असेल, तर तिचे खालचे भोक बुजले नाही ना, ते आजच बघा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांनी लावलेला वेल वाळला, की आपण पटकन बाजारातून दुसरे रोप आणून देतो. मूल हिरमुसू नये, म्हणून. तसे करू नका. आधी त्याला विचारा, "तू काय बघितलंस?" त्याचे उत्तर चुकले तरी चालेल. मी तर मोठी असून चुकले. मुलाने प्रश्न विचारला, की हातातले काम बाजूला ठेवून एकदा त्याच्याबरोबर झाडापर्यंत जा. माझ्या वह्या त्या दिवशी दहा मिनिटे थांबल्या असत्या, तर एका मुलीचे दोन आठवडे वाचले असते.

या आठवड्याचे काम

एक वही करा. तुमच्या बागेतल्या कुठल्याही एका वेलाची रोज पाच मिनिटे पाहणी करा. चार रकाने आखा : तारीख, नर फुले, मादी फुले, कोण कोण पाहुणे आले. वेल नसेल, तर शेजारच्यांच्या वेलापाशी परवानगी काढून जा. अबोली असेल, तर तिचीही एक गंमत बघा : तिच्या वाळलेल्या तपकिरी बोंडांवर पाण्याचे थेंब टाका आणि जरा वेळ थांबा. काय होते, ते मी सांगणार नाही. डोळे मात्र जरा लांब ठेवा!

आता ते दुसरे तवसे. ते वेलावरच पूर्ण पिकू दिले. मग आजींनी ते चिरून बिया काढल्या, एक दिवस गरासकट भांड्यात ठेवल्या, धुतल्या, सावलीत खडखडीत वाळवल्या आणि राखेत घोळून बाटलीत भरल्या. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी बियाणी जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव मी वर्गात सांगितले, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आमची आजी पण तेच करता!" खरेच होते ते.

शाळेतून पाचवीला जाताना ती माझ्या टेबलावर कागदाची एक पुडी ठेवून गेली. आत बारा बिया होत्या. वर लिहिले होते : 'बाईंसाठी. खत कमी घालावे.'

त्यातल्या आठ उगवल्या. सध्या माझ्या मांडवावर नर फुलांची गर्दी आहे. मादी फूल अजून एकही नाही. पण मला मुळीच घाई नाही. रोज सकाळी पाच मिनिटे मी नुसती बघते आहे.

तुम्हीही बघा. आणि काय दिसले, ते मला जरूर कळवा.

तुमची,
बाई